भोंगाकाका, पट्टीकाका आणि मनःशांतीची चढाओढ

ती. आत्या,

तुला माझा वाकून, जमेल तितका साष्टांग नमस्कार. (पूर्ण आडवं व्हायला इथे जागा नाही. मेकअपरूममध्ये दोन विगांच्या मधे बसून लिहितेय, आणि त्यातला एक विग माझ्याकडे बघतोय असं सारखं वाटतंय.) तुझी तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतोय? वरच्या मजल्यावरचे भाडेकरू अजून रात्रंदिवस फर्निचर ओढतात, की तू एकदा वर जाऊन आलीस? जाऊन आली असशील तर त्यांनी आत्तापर्यंत फर्निचर विकलं असेल, म्हणून आपलं विचारते. काकांना नमस्कार. माझी मागची शॉर्टफिल्म बघून ते 'अप्रतिम' म्हणाले होते ते मी अजून विसरले नाहीये. (तू म्हणाली होतीस, "एवढ्याशाला एवढा वेळ?" तेही विसरले नाहीये.)

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. अगं, तू मला ब्लॉक केलंयस! रागावले नाहीये हं. मी तुला रोज सकाळी श्वासाचे व्हिडिओ पाठवत होते, तुझ्या जागी मी असते तर मीही केलं असतं. काकांच्या फोनवर काही पाठवलं की ते लगेच 'अप्रतिम' असं उत्तर देतात आणि तुला सांगायला विसरतात. राहिलं पत्र. तेही मराठीत, कारण मी एकदा पाठवलेलं इंग्रजी बर्थडे कार्ड तू लाल पेनाने मराठी करून परत पाठवलं होतंस. तेव्हा आमच्या इंग्लिश मीडियमची जोडाक्षरं सांभाळून घे आणि वाच.

तर बातमी अशी की मला सिनेमात काम मिळालंय. पडद्यावर नाही गं, पडद्यामागे. अगदी शब्दशः पडद्यामागे, कारण माझं मुख्य काम पडदे लावणं हेच आहे. सिनेमा आहे नाइटक्लबचा आणि शूटिंग चालतं दिवसा, म्हणून सकाळी आल्याआल्या मी सगळ्या खिडक्यांना काळं कापड ठोकते. बाहेर लख्ख ऊन, शेजारच्या बँकेत लोक पासबुक भरतायत, आणि आत आमच्याकडे मध्यरात्र झालेली, टेबलांवर लाल दिवे, झगमगीत कपडे घातलेल्या बायका नाश्त्याचं सँडविच खात बसलेल्या. क्लब खरा आहे, पण बंद पडलेला. मालकाने तो जिमला भाड्याने दिलाय. शनिवारी आम्ही बाहेर आणि जिम आत. घाई एवढी की त्यांची धावायची मशिनं आत्ताच आलीत आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून बारच्या मागे उभी आहेत. (मला थर्ड असिस्टंट म्हणतात. फोर्थ नाहीये. बघितलं मी.)

गोष्ट फार भारी आहे आत्या, ऐक तरी. एकाच क्लबमधले दोन वादक, एक सॅक्सोफोनवाला, एक पियानोवाला. जन्मभर एकमेकांचं तोंड बघत नाहीत, पण एकमेकांवर कुरघोडी करायच्या नादात दोघं भन्नाट वाजवतात. मग एके दिवशी सॅक्सोफोनवाल्याला वाजवता वाजवता आतून कसलीतरी शांतता ऐकू येते आणि तो सगळं सोडून निघून जातो. पियानोवाला आधी खूश होतो, मग त्याला कळतं की भांडायला कुणी नसेल तर आपली बोटंच चालत नाहीत. तो त्याला शोधून आणतो, शेवटी दोघांची जुगलबंदी होते, आणि भांडणाची हळूहळू प्रार्थना होते. मला वाचतानाच रडू आलं होतं. (तू म्हणशील, तुला जाहिराती बघूनही येतं. येतं.)

आमच्या डायरेक्टर बाईंचं म्हणणं असं की नटांना वाद्य धरता येतं, वाजवता येत नाही. म्हणून त्यांनी दोन खरे वादक धरून आणले. हे दोघं एकाच रस्त्यावरच्या समोरासमोरच्या क्लबांमध्ये जन्मभर वाजवत होते. सॅक्सोफोनवाल्यांना सगळे भोंगा म्हणतात आणि पियानोवाल्यांना पट्टी. ही नावं त्यांनीच एकमेकांना ठेवलीत आणि आता त्यांच्या घरचेसुद्धा त्याच नावाने हाक मारतात. मी मान म्हणून काका लावते. भोंगाकाका उंच, बारीक, छाती मात्र पिंपासारखी. पट्टीकाका बुटके, गोल, आणि बोटं इतकी नाजूक की चहाचा कप धरला तरी बघत बसावं.

पहिला अर्धा सिनेमा काय शूट झालाय म्हणून सांगू! दोघं एकमेकांच्या आधी यायच्या नादात पहाटे येऊन वॉचमनला उठवायचे. भोंगाकाकांनी कुठे उभं राहायचं त्याची खडूची खूण मी करायची, आणि ते बुटाने ती हळूच पुढे सरकवायचे, कॅमेऱ्याच्या दिशेने. पट्टीकाकांनी ते बघितलं की यांचं स्टूल पुढे. दुपारपर्यंत दोघं कॅमेऱ्याच्या पोटात शिरलेले असायचे आणि कॅमेरामन भिंतीला टेकलेला. तोंडाचा पट्टा तर अखंड चालू. पट्टीकाका म्हणायचे, "हा बोलला काय नि वाजवला काय, हवाच सुटते." भोंगाकाका म्हणायचे, "तू पियानो का घेतलास ते माहितेय मला. बसून वाजवायचं एवढं एकच वाद्य दुकानात शिल्लक होतं." आणि लगेच दोघं असं काही वाजवायचे आत्या, की सँडविच खाणाऱ्या बायकांचे घास हातात राहायचे. खोटं नाही. मी स्वतः टेबलावर चढले होते. (मग उतरवली मला.)

इथवर सगळं छान होतं. मग आला सिनेमाचा दुसरा अर्धा भाग, अध्यात्माचा. डायरेक्टर बाई म्हणाल्या, या दोघांच्या चेहऱ्यावर शांती दिसली पाहिजे, कुणाला ध्यानबिन काही कळतं का? आणि आत्या, तू मला ओळखतेसच. प्रश्न पुरा व्हायच्या आत माझा हात वर. मी म्हटलं, माझे एक सर आहेत ना!

सर म्हणजे शांतीसर. ते ऑफिसातल्या लोकांना गिऱ्हाइकांवर न ओरडता कसं जगायचं ते शिकवतात. मी त्यांचा कोर्स केलाय, त्यामुळेच तुला ते व्हिडिओ येत होते. माणूस फार गोड. आले, मांडी घालून स्टेजवर बसले, आणि दोघांना म्हणाले, "काही मिळवायचं नाहीये. फक्त सोडायचंय. जो जास्त सोडेल तो जास्त मोकळा."

बस. या शेवटच्या वाक्याने घात केला. 'जास्त' हा शब्द त्या दोघांसमोर काढायचा नसतो हे मी सरांना सांगायला हवं होतं, पण ते मलाच कुठे माहीत होतं? दुसऱ्या दिवशी भोंगाकाका आले आणि चहा नाकारला. म्हणाले, सोडला. पट्टीकाकांनी हातातला कप तसाच खाली ठेवला, म्हणाले, मी चहाही सोडला आणि बिस्किटही. दुपारी भोंगाकाकांनी खुर्ची सोडली, जमिनीवर बसले. पट्टीकाकांचे गुडघे तुझ्यासारखेच, तरी तेही बसले. बसले ते बसलेच. शूटिंग संपलं, दिवे उतरवले, मी पडदे काढले, तरी आपले बसलेले. शेवटी दोन लाइटमन आणि मेकअपदादा, तिघांनी मिळून उचललं पट्टीकाकांना, तर म्हणतात कसे, "उठता येत नव्हतं असं नाही. उठावंसंच वाटत नव्हतं." मग श्वासाची पाळी. सर म्हणाले, श्वास सावकाश सोडा. भोंगाकाकांची आयुष्यभराची सॅक्सोफोनची फुप्फुसं, त्यांनी तो सोडायला घेतला आणि सोडतच राहिले. पट्टीकाका आधी लाल झाले, मग जांभळे. सर त्यांच्या कानाशी ओरडत होते, "श्वास घ्या! अहो घ्या!" (ज्या माणसाने आजवर कुणावर आवाज चढवला नव्हता, तो आमच्या सेटवर ओरडला. आता ते स्वतःच दुसऱ्या कुठल्यातरी सरांकडे जातात असं ऐकलं.)

पण खरी कमाल माफीच्या दिवशी झाली. सर म्हणाले, मनात कुणाबद्दल काही असेल तर आज माफ करून टाका. भोंगाकाका डोळे मिटून म्हणाले, "जा, मी तुला माफ केलं."

"मी तुला केव्हाच केलंय," पट्टीकाका म्हणाले. "तुला कळू दिलं नाही इतकंच."

"मी तुझ्या पियानोत चमचा टाकला असं तू गावभर सांगत फिरलास, तेही माफ."

"काटा होता तो, चमचा नव्हता. काट्यासकट माफ."

"माझी गायिका पळवलीस. माफ."

"ती स्वतः आली होती. तरी तुझ्या समाधानासाठी, माफ."

असं जेवणापर्यंत चाललं होतं. जे गुन्हे झालेच नव्हते तेसुद्धा माफ करून झाले. आणि त्या दिवसापासून आत्या, दोघं भांडायचे थांबले. एकदम थांबले! एकमेकांना "आधी तू" म्हणून दरवाज्यात उभे राहतात, आत कुणीच येत नाही. सगळे माझं कौतुक करायला लागले. डायरेक्टर बाई मला म्हणाल्या, "तू जादू केलीस." मी घरी जाऊन आरशासमोर जादूगारासारखी वाकले.

मग काल जुगलबंदी लावली. शेवटचा सीन. हॉल गच्च भरलेला, सगळे दिवे, तीन कॅमेरे. ॲक्शन म्हटलं आणि शांतता. भोंगाकाका पट्टीकाकांकडे बघून हसतायत, पट्टीकाका भोंगाकाकांकडे बघून हसतायत. दोघांच्या चेहऱ्यावर असं काही तेज की दिवे कमी करावे लागले. पण वाजवत कुणीच नाही! प्रत्येकाला वाटतंय की पुढे होणं म्हणजे अहंकार, आणि आपला अहंकार दुसऱ्याच्या आधी दिसला तर हरलो. शेवटी एकदाचे वाजवायला लागले, तर दोघंही दुसऱ्याला वाव देतायत. हा एक सूर लावून थांबतो, तो तेवढाही लावत नाही. साउंडवाल्याने हेडफोन काढून विचारलं, "वाजवतंय का कुणी?" पहिल्या रांगेतला एक म्हातारा एक्स्ट्रा गाढ झोपला आणि घोरायला लागला. साउंडवाला म्हणाला, दिवसभरात लय फक्त यांनाच सापडली.

संध्याकाळपर्यंत तेच. डायरेक्टर बाई आधी ओरडल्या, मग रडल्या, मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. शनिवारच्या आत हा सीन झाला नाही तर सिनेमाला शेवट नाही, आणि बिनशेवटाचा सिनेमा कपाटात जातो. आणि तुला सांगितलं नसेल बाबांनी, पण आमचं ठरलंय. हा सिनेमा पुरा होऊन लागला तर मी या लाइनमध्ये राहायचं, अर्धवट राहिला तर गुपचूप आपल्या टाइल्सच्या शोरूममध्ये येऊन बसायचं. हात मिळवलाय मी त्यावर. तूच मला सांगितलं होतंस, लग्नाआधी आजोबांनी तुला तिथे बसवलं होतं, आणि बसून बसून मॅट आणि ग्लॉसी सोडून आयुष्यातले बाकी सगळे फरक दिसेनासे झाले होते. बाबा काल फोनवर फार प्रेमाने बोलले. माझ्यासाठी फिरती खुर्ची बघून ठेवलीय म्हणाले.

पण ते जाऊ दे. मी उगाच तुला माझं रडगाणं ऐकवत बसले. तू काळजी करू नकोस. पत्र लिहायचं कारण फक्त तुझी तब्येत विचारणं एवढंच. गुडघ्याला जप, काकांना जप, भाडेकरूंवर दया कर.

तुझी लाडकी (मी धरून चालतेय) भाची

ता. क. तब्येत विचारणं हे एक कारण झालं. दुसरं एक बारीक आहे. तुला आठवतं, मी गिटार शिकत होते आणि तुमच्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर अख्खं गाणं वाजवून दाखवलं होतं? सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काका 'अप्रतिम' म्हणाले. आणि टाळ्या थांबल्यावर तू अगदी मायेने विचारलंस, "झाली का गं लावून? आता वाजव." आत्या, त्या रात्री मी उशीत तोंड खुपसून रडले, आणि मग पुढचे कितीतरी महिने रोज बोटं सोलवटेपर्यंत वाजवलं. माझ्या कुठल्याच सरांनी मला इतकं वाजवायला लावलं नव्हतं. आपल्या सुलूताईची पीएचडी झाली तेव्हा तू "मग आता कामाला कधी लागणार?" म्हणालीस, आणि तिने आणखी एक पीएचडी केली. शेजारच्या काकू बारीक झाल्या तेव्हा "आजारी होतात का?" म्हणालीस, त्या अजून धावतायत. माणसाची मनःशांती दोन मिनिटांत मोडून त्याला कामाला लावायची ही देणगी आपल्या घराण्यात फक्त तुला आहे. तेव्हा प्लीज, प्लीज, शुक्रवारी ये! तिकीट सोबत जोडलंय, खिडकीची सीट आहे. तुला पहिल्या रांगेत बसवते, चमचमती साडी देते. पहिल्या टेकनंतर फक्त तेवढं 'झाली का लावून?' म्हण. मग हवं तर लगेच घरी जा.

ता. क. काकांना आणू नकोस. ते 'अप्रतिम' म्हणतील आणि सगळं मुसळ केरात जाईल.

ता. क. आणि मला अनब्लॉक कर ना.

ता. क. घोटाळा झालाय. हे पत्र मी टेबलावर ठेवून पडदे ठोकायला गेले, परत येऊन बघते तर पट्टीकाका चष्मा लावून मोठ्याने वाचतायत. सरळ मला विचारलं, "कोण गं ही बाई?" मी घाबरून म्हटलं, आत्या आहे, येतेय शुक्रवारी. ते हसले, म्हणाले, येऊ दे, माझं मन आता दगड झालंय, त्या भोंग्याचं मात्र कठीण आहे. भोंगाकाका दारातच होते. ते म्हणाले, अशा दहा आत्या आण, सॅक्सोफोन काय गिटारसारखा लावत बसतात का, मला काय म्हणणार ती? "तुला म्हणेल," पट्टीकाका म्हणाले, "कुकर झाला असेल तर गॅस बंद करा." मी बघितलं, भोंगाकाकांचा एक कान लाल झाला होता. आणि पट्टीकाकांची बोटं मांडीवर आपोआप चालायला लागली होती.

ता. क. गुरुवार. पत्र अजून पर्समध्येच आहे, कारण टाकायला वेळच मिळेना. सकाळी आले तर वॉचमन परत पहाटे उठवलेला. भोंगाकाका जिमच्या मशिनांमागे तोंड लपवून रियाज करतायत आणि पट्टीकाका पियानोवर तोच तुकडा परत परत घासतायत. मधेच दोघंही वेगवेगळे येऊन मला हळूच विचारून गेले, आत्या पुढे बसणार की मागे? शांतीसर सामान न्यायला आले होते, म्हणाले, जरा आवाज कमी होईल का. दोघं एका सुरात म्हणाले, "नाही."

ता. क. शनिवार. पत्र अजून पर्समध्येच, तिकीटही. म्हणजे तू आली नाहीस यात तुझी काही चूक नाही. मी काल पहिल्या रांगेत तुझ्यासाठी खुर्ची ठेवली, वर 'आत्या' अशी चिठ्ठी चिकटवली, आणि सगळ्यांना सांगितलं की गाडीला उशीर झालाय. ॲक्शन म्हटलं. भोंगाकाकांनी खुर्चीकडे बघितलं, पट्टीकाकांनी खुर्चीकडे बघितलं, आणि पट्टीकाका भोंगाकाकांना म्हणाले, "सरक, तिला मी दिसत नाहीये." मग जे काही वाजवलंय ना आत्या! आधी नुसती मारामारी, मग एकमेकांचे सूर हिसकावून घेणं, मग हळूहळू दोघंही एकमेकांना विसरले आणि नुसतेच त्या रिकाम्या खुर्चीसाठी वाजवत राहिले. भोंगाकाकांचे डोळे भरून आले होते. परवा घोरणारे एक्स्ट्रा आजोबासुद्धा जागे होते. वाजवून झाल्यावर कुणीही टाळी वाजवली नाही. दोघं खुर्चीकडे बघत उभे होते, ती काय म्हणतेय म्हणून. डायरेक्टर बाई माझा हात घट्ट धरून म्हणाल्या, "समोर कुणी नाही, आणि तरी त्याच्यासाठी जीव ओतून वाजवायचं. हेच अध्यात्म." मी म्हटलं, नाही हो, ही आमची आत्या.

बाहेर जिमची माणसं उभी आहेत, मी पडदे काढतेय, आत खूप ऊन आलंय. बाबांना सांग, फिरती खुर्ची परत करा. सिनेमा लागला की पहिला खेळ तुला दाखवणार, पहिल्या रांगेत. शेवटी दिवे लागल्यावर तू माझ्याकडे वळशील आणि काहीतरी म्हणशील. तोपर्यंत मी शांतीसरांकडे परत नाव घातलंय.